खडूची फुली

एकतीस वर्षं मी तिला पाठमोरी ऐकली.
तानपुऱ्यामागून दिसते तेवढीच बाई:
मानेवरचा तीळ, अंबाड्यातून सुटू पाहणारा एक आकडा,
तुटलेल्या हुकाच्या जागी सेफ्टी पिन,
आणि निषादावर जाताना
डाव्या खांद्याची किंचित माघार.
चेहरा तुमचा होता. पाठ माझी.

बाईंचं घराणं कोणतं, असं कुणी विचारलं
की ती सांगायची, परळ वर्कशॉप.
लोक हसायचे.
ती हसायची नाही.

बाप, बाबल धुरी, यार्डात चाकं ठोकायचा.
लांब दांड्याचा हातोडा, कानामागे खडू.
डबा उभा असला की एकेका चाकावर एक ठोका
आणि मग नुसतं ऐकणं.
जेवण घेऊन आलेल्या पोरीला त्याने एकदा जवळ उभं केलं:
"आयक गो. ह्यां बरां आसा.
आता ह्यां आयक.
ह्यां आजारी आसा."
तिला त्या दिवशी काही फरक कळला नाही.
पुढच्या रविवारी कळला.
आजारी चाकावर तो खडूने फुली मारायचा
आणि संध्याकाळपर्यंत ते गाडीखालून निघालेलं असायचं.
गाडी चालत होती ना अजून? पोर विचारायची.
चालत होती, तो म्हणायचा, म्हणूनच.

ठाकुरद्वारच्या केनवडेकरबुवांनी पुढे राग दिले,
तालीम दिली, पाठीत एक बुक्कीही दिली.
कान मात्र ती घरून घेऊन गेली होती.

म्हणून ठोकल्याशिवाय काही घ्यायची नाही.
कुंभारवाड्यात माठाला बोटाचं पेर,
मंडईत कलिंगडाला थाप,
इराण्याकडे चहा आला की चमच्याची टिचकी
आणि लगेच, "हा कप बदल रे."
पोऱ्या कप उजेडाकडे धरायचा.
तडा सापडायचाच. केसाएवढा.
चहा सांडला नव्हता, म्हणून दोन्ही कपांचे पैसे द्यायची.

माझीही निवड तशीच झाली.
तानपुरा हातात दिलाच नाही. म्हणाली,
"नुसतं हो म्हण."
म्हटलं.
"घाबरू नकोस. परत."
परत म्हटलं.
"उद्या ये."

दही नको. पंखा नको. मैफलीआधी कुणाच्या शुभेच्छा नकोत.
यमनला ती पाहुण्यांची खोली म्हणायची,
मारव्याला बसताना पदर कमरेला खोचायची.
तळलेलं खाऊ नकोस, हा बुवांचा शब्द तिने जन्मभर पाळला,
फक्त बोंबील तळलेल्यात धरले नाहीत.
साडेपाचला गायचं असलं की तीन वाजता चार,
रव्यातले, कुरकुरीत, काट्यासकट.
"बाबा चाकांना वंगण घालायचे की," म्हणायची,
आणि बोटं चाटून हात धुवायला उठायची.

पार्ल्याची ती मैफल.
पूरिया. तार षड्ज.
आधी मी ऐकलं की तिने, सांगता येणार नाही.
स्वर लागला होता, जागेवर लागला होता,
टाळ्याही आल्या.
पण आत कुठेतरी, केसाएवढं.

पाठ थांबली.
मग तिचा उजवा हात मागे आला,
पदर सावरायला यावा तसा,
आणि माझ्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर
तिने बोटाने फुली मारली.
लहानशी. कुणाला दिसली नाही.
मग पुन्हा त्याच स्वरावर गेली. आणखी एकदा.
गायला नव्हे.
ठोका, आणि ऐकणं.

त्यानंतर आमंत्रणं आली, तिने ती टपालासकट
जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात बांधली.
मला वाटलं, आता रडेल वगैरे.
चौथ्या दिवशी फोन आला:
सुके बोंबील काय भाव झालेत, पाहून ठेव.
मग थोडा वेळ काहीच नाही.
मग,
"पोरी, नुसतं हो म्हण."

म्हटलं.
ती ऐकत राहिली.
"बरां आसा," म्हणाली,
आणि फोन ठेवला.